संगणकाची साफसफाई : दावे आणि मोजमाप

वार्षिक परीक्षेचे दिवस होते. आमच्या परिचयाच्या एका विज्ञान शिक्षिकेच्या घरचा संगणक अतिशय मंद चालू लागला होता. बटण दाबून त्या चहा टाकायला जात आणि चहा पिऊन झाला तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असे. प्रश्नपत्रिका टाइप करायच्या होत्या, गुणपत्रके भरायची होती. शेवटी त्यांनी संगणक दुरुस्त करणाऱ्या एका मुलाला बोलावले. त्याने एक प्रोग्रॅम चालवला. दोन मिनिटांत पडद्यावर लाल आकडा झळकला : १,४१२ दोष. ‘‘बाई, केवढा कचरा साठलाय बघा! कधी साफच केला नाहीत का?’’ असे तो म्हणाला. बाई ओशाळल्या. वर्षभराचे पैसे भरून त्यांनी तो सफाईचा प्रोग्रॅम विकत घेतला. सफाई झाली, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला आणि खरोखरच तो थोडा चपळ झाल्यासारखा वाटला.

चार दिवसांनी दोन गोष्टी लक्षात आल्या. संगणक पुन्हा पूर्वीइतकाच मंद झाला होता. आणि विद्यार्थ्यांनी पाठवलेले विज्ञान प्रकल्पांचे फोटो व अहवाल ‘डाउनलोड्स’ या फोल्डरमधून नाहीसे झाले होते. सफाईच्या लांबलचक यादीत त्या फोल्डरपुढेही बरोबरची खूण होती. ती कोणी वाचलीच नव्हती. बाईंनी आम्हांला विचारले, ‘‘सर, माझं चुकलं कुठे? साफ ठेवला नाही हे, की साफ करून घेतला हे?’’

या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायचे तर ‘सफाई’ या कल्पनेचीच तपासणी करावी लागेल. संगणकाची सफाई करणारे प्रोग्रॅम, त्यांच्या जाहिराती आणि ‘संगणक वेगवान ठेवण्याचे दहा उपाय’ अशा धर्तीचे सल्ले यांची भाषा शास्त्रीय असते. त्यांत तपासणी असते, निदान असते, अहवाल असतो, आकडे असतात. तेव्हा शास्त्राला जे प्रश्न विचारले जातात तेच यांनाही विचारणे रास्त आहे. काय मोजले? कशाने मोजले? आणि कशाशी तुलना केली?

घोटाळा रूपकाचा

घरात धूळ साठते, गटारात गाळ साठतो, सायकलच्या साखळीवर चिखल बसतो. या साठ्यामुळे घर्षण वाढते किंवा वाट अडते, म्हणून सफाईचा उपयोग होतो. हेच चित्र आपण नकळत संगणकावर चिकटवतो. परंतु डिस्कवर पडून राहिलेली जुनी फाईल कशावरही घासत नाही. ती कोणी उघडली नाही तर ती काहीच करत नाही. कपाटाच्या वरच्या फळीवरचा जुना अंक जसा आपल्या वाचनाचा वेग कमी करत नाही, तसेच हे आहे.

संगणक मंद होतो तो दोनच कारणांनी. एक तर त्याच्याकडे एकाच वेळी करायचे काम जास्त असते, नाही तर ते काम करण्यासाठी लागणाऱ्या साधनांपैकी, म्हणजे प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि इंटरनेटची जोडणी यांपैकी, काहीतरी अपुरे पडत असते. म्हणून सफाईच्या प्रत्येक उपायाला एकच साधा प्रश्न विचारावा : या उपायाने संगणकाचे नेमके कोणते काम कमी झाले? ज्या उपायाला याचे उत्तर देता येते तो विचारात घेण्याजोगा. ज्याला देता येत नाही त्याचा आकडा कितीही मोठा असला तरी तो आकडा वेगाचा नव्हे.

बाईंच्या पडद्यावर आलेला १,४१२ हा आकडा पाहा. त्याचे एकक कोणते? सेकंद नव्हे, मेगाबाइटही नव्हे. ‘दोष’ हे त्या प्रोग्रॅमने स्वतःच ठरवलेले एकक आहे, आणि तेच एकक वापरून तोच प्रोग्रॅम सफाईनंतर ‘दोष : ०’ असे सांगतो. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने असे मोजमाप आणले तर आपण ते स्वीकारणार नाही.

जनरल रजिस्टरची पाने

सफाईच्या प्रोग्रॅमांचे आवडते क्षेत्र म्हणजे विंडोजची रजिस्ट्री. कोणता प्रोग्रॅम कोठे बसवला आहे, कोणत्या प्रकारची फाईल कशाने उघडायची, पडद्याची मांडणी कशी आहे, अशा नोंदींचा हा मोठा संग्रह. प्रोग्रॅम काढून टाकला तरी त्याच्या काही नोंदी मागे राहतात. या उरलेल्या नोंदींनाच ‘दोष’ म्हटले जाते.

शिक्षकांना हे समजावून सांगण्यासाठी शाळेतल्या जनरल रजिस्टरइतके चांगले उदाहरण नाही. त्यात वीस-तीस वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या नोंदी असतात. त्या नोंदींमुळे आज सातवीत शिकणाऱ्या मुलाची नोंद शोधायला लेखनिकाला उशीर होतो का? होत नाही, कारण तो रजिस्टर क्रमांकावरून थेट त्या पानावर जातो. रजिस्ट्रीचेही असेच आहे. तिच्या नोंदी झाडाच्या फांद्यांप्रमाणे मांडलेल्या असतात आणि प्रोग्रॅम आपल्याला हवी ती नोंद तिच्या पूर्ण पत्त्यावरून शोधतो. दुसऱ्या फांदीवरची वाळलेली पाने त्याच्या वाटेत येत नाहीत.

आता आकाराचा हिशोब करू. समजा, १,४०० नोंदी काढल्या आणि एकेक नोंद १०० बाइटची धरली. एकूण १,४०,००० बाइट, म्हणजे सुमारे १४० किलोबाइट झाले. साऱ्या रजिस्ट्रीचा आकार कित्येक मेगाबाइट असतो. तो ५० मेगाबाइट धरला तर हा भाग एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भरतो. मोबाइलवर काढलेला एक फोटो यापेक्षा बराच मोठा असतो.

उलट धोका मात्र खरा आहे. जनरल रजिस्टरमधून ‘जुनी’ म्हणून पाने फाडली आणि उद्या एखादा माजी विद्यार्थी शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत मागायला आला तर? निरुपयोगी वाटलेली नोंद एखाद्या प्रोग्रॅमला लागणारी निघाली तर तो प्रोग्रॅम बंद पडतो, कधी तर विंडोजच पुन्हा बसवावी लागते. विंडोज तयार करणाऱ्या मायक्रोसॉफ्टनेच रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रॅमांच्या वापराला आपला पाठिंबा नाही असे जाहीरपणे सांगितले आहे. ज्यांनी ही वही आखली तेच पाने फाडू नका म्हणत असतील, तर ते ऐकायला हवे.

रिकामी रॅम आणि भरलेली रॅम

दुसरा दावा रॅम ‘मोकळी’ करून देण्याचा. डिस्क म्हणजे कपाट आणि रॅम म्हणजे टेबल असे आपण वर्गात सांगतो. मग टेबल रिकामे असणे चांगले, असे मुलांना वाटते. येथे उपमा थोडी सांभाळावी लागते. शिक्षक वर्गात जाताना आजच्या तासाला लागणारी पुस्तके टेबलावर काढून ठेवतात; ती पुन्हा कपाटात कोंबली तर टेबल स्वच्छ दिसेल, पण प्रत्येक वेळी कपाटाकडे फेरी पडेल. विंडोज आणि लिनक्स या दोन्ही संचालन प्रणाली मोकळ्या रॅमचा उपयोग नुकत्याच वाचलेल्या गोष्टी हाताशी ठेवण्यासाठी करतात. दुसऱ्या कोणाला जागा लागली तर ती क्षणात सोडून देतात. रॅम ‘मोकळी करणारा’ प्रोग्रॅम हाताशी असलेला मजकूर डिस्ककडे ढकलतो, पडद्यावर मोकळ्या रॅमचा मोठा आकडा दाखवतो, आणि पुढच्याच मिनिटाला तो मजकूर डिस्कवरून पुन्हा आणावा लागतो. म्हणजे काम कमी न होता वाढले.

इंटरनेट पाहण्याच्या ब्राउझरने साठवलेल्या तात्पुरत्या फाईलींचेही तेच. त्यांना कॅशे म्हणतात. एकदा पाहिलेल्या पानावरची चित्रे पुन्हा जालावरून ओढून आणावी लागू नयेत, म्हणून त्या ठेवलेल्या असतात. एखादे पान बिघडलेले दिसत असेल किंवा डिस्कवर जागाच उरली नसेल तर त्या पुसाव्यात. पण ‘वेगासाठी रोज पुसा’ हा सल्ला जेथे इंटरनेट मंद आहे अशा गावच्या शाळेत नेमका उलटा परिणाम करतो.

विंडोज एक्सपी २००१ साली आली तेव्हापासूनची ‘प्रीफेच’ फोल्डर रिकामा करण्याची सूचनाही याच जातीची. प्रोग्रॅम लवकर उघडावा म्हणून प्रणालीने स्वतः टिपून ठेवलेल्या नोंदी त्यात असतात. त्या पुसल्यावर पुढच्या वेळी प्रोग्रॅम उशिरा उघडतो आणि प्रणाली तीच टिपणे नव्याने काढत बसते.

डिफ्रॅगचे गणित

एक सल्ला मात्र मुळात अगदी खरा होता. विंडोज ९५ व ९८ च्या काळात अनेकांनी रात्री डिफ्रॅग लावून पडद्यावरचे रंगीत चौकोन सरकताना पाहिले असतील. त्यामागचे कारण साध्या अंकगणिताने समजते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद, थांबावे लागते. शिवाय ते टोक योग्य वर्तुळावर नेण्यास सुमारे ९ मिलिसेकंद धरा. एकूण साधारण १३ मिलिसेकंद झाले. एखादी फाईल १०० तुकड्यांत विखुरलेली असेल तर केवळ या धावपळीत १.३ सेकंद जातात. तुकडे एकापुढे एक आणून ठेवले की हा वेळ वाचतो. या उपायाला आपल्या प्रश्नाचे उत्तर देता येते : टोकाची धावपळ कमी झाली.

आता काळ बदलला आहे. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ सालापासून, हे काम प्रणाली स्वतःच ठरावीक वेळी करते. आणि आज बहुतेक नव्या संगणकांत हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असते. तिच्यात फिरणारी तबकडी नाही, सरकणारे टोक नाही. एखादी जागा वाचायला सुमारे ०.१ मिलिसेकंद लागतो, मग ती जागा शेजारी असो की लांब. तेथे तुकडे जुळवून काही मिळत नाही. उलट एसएसडीतील प्रत्येक पेशीवर किती वेळा लिहिता येते याला मर्यादा असल्याने नाहक झीज होते. तरीही ‘दर आठवड्याला डिफ्रॅग करा’ ही ओळ सूचनांच्या याद्यांतून आजही सापडते. कारण गेले, सवय उरली. विज्ञानाच्या शिक्षकाने ही ओळ शिकवताना तिच्यामागचे गणितही शिकवले असते, तर ते गणित लागू पडेनासे झाल्याचे विद्यार्थ्यांना आपोआप कळले असते.

अहवालांचा इतिहास

येथे कोणी म्हणेल, की एखाद्या खोट्या प्रोग्रॅमवरून साऱ्यांना नावे ठेवू नयेत. ते बरोबरच आहे. या क्षेत्रात प्रामाणिक साधनेही आहेत. परंतु काही नोंदलेली उदाहरणे पाहिली की आमचा संशय कोठून येतो ते समजेल.

१९९५ साली अमेरिकेतील सिंक्रोनिस या कंपनीने ‘सॉफ्टरॅम ९५’ नावाचा प्रोग्रॅम बाजारात आणला. रॅममधील मजकूर दाबून बसवून तो रॅम दुप्पट करतो असा दावा होता. त्या वेळी रॅम महाग होती, त्यामुळे त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या. मार्क रुसिनोविच यांच्यासह काही जाणकारांनी तो प्रोग्रॅम उलगडून तपासला तेव्हा मजकूर दाबण्याचे काम तो करतच नसल्याचे आढळले. त्याच वर्षअखेरीस तो बाजारातून मागे घेण्यात आला आणि १९९६ साली अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने कंपनीवर कारवाई केली. तोवर कित्येक ग्राहकांचा मात्र संगणक वेगवान झाल्याचा समज झाला होता. याकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो.

मार्च २०१९ मध्ये याच आयोगापुढील एका प्रकरणात ऑफिस डेपो ही दुकानांची साखळी आणि सपोर्ट डॉट कॉम ही कंपनी यांनी मिळून ३.५ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. आयोगाचे म्हणणे असे होते : दुकानात ग्राहकाच्या संगणकाची मोफत ‘आरोग्य तपासणी’ होई. सुरुवातीला ग्राहकाला चार प्रश्न विचारले जात. संगणक मंद झाला आहे का, हा त्यांतील एक. चारांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असले की तपासणीच्या अहवालात घातक प्रोग्रॅमची लक्षणे आढळल्याचे येई. म्हणजे निदान संगणकाच्या तपासणीतून निघत नव्हते; ते ग्राहकाच्या तक्रारीचाच प्रतिध्वनी होते. त्यावर शेकडो डॉलरची दुरुस्ती विकली जाई.

मार्च २०२४ मध्ये सायप्रसमधील रिस्टोरो आणि रीइमेज या कंपन्यांनी अशाच स्वरूपाच्या आरोपांवरून २.६ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. आयोगाच्या तपासनीसांनी चांगल्या स्थितीतील, संरक्षण असलेल्या संगणकावर ती तपासणी करून पाहिली, तरीही तिने शेकडो दोष काढून दाखवले. या पद्धतीचे महत्त्व विज्ञान शिक्षकांच्या ध्यानात येईल. निरोगी माणसालाही रोगी ठरवणारी चाचणी ही चाचणीच नव्हे, आणि ते ओळखण्याचा मार्ग म्हणजे ती निरोगी माणसावर करून पाहणे.

चौथे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. सीक्लीनर हा सफाईचा एक फार लोकप्रिय प्रोग्रॅम. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हल्लेखोरांनी तो बनवणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत शिरून त्याच्या ५.३३ या आवृत्तीत घातक भाग घुसवला, आणि सप्टेंबरमध्ये ते उघडकीस येईपर्यंत ती आवृत्ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोचली होती. येथे कंपनीने फसवणूक केली नाही. ती स्वतःच हल्ल्याला बळी पडली. पण सफाई करणाऱ्याला आपण घराच्या साऱ्या किल्ल्या देतो, हे या घटनेने दाखवून दिले. नसलेल्या फायद्यासाठी असा धोका पत्करावा का, हा विचार व्हायला हवा.

मग संगणक मंद का होतो?

केवळ दोष दाखवून थांबणे उचित नव्हे. संगणक मंद होतो ही बाईंची तक्रार खरीच होती. तिची कारणे आमच्या मते पुढील क्रमाने तपासावीत.

पहिले, संगणक सुरू होताना आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम. छपाईयंत्राचा मदतनीस, गप्पांचा प्रोग्रॅम, दोन-तीन ‘अपडेटर’, आणि गंमत म्हणजे पुष्कळदा सफाईचा प्रोग्रॅमसुद्धा. विंडोज १० किंवा ११ मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘स्टार्टअप’ या भागात ही यादी दिसते आणि नको ते तेथेच बंद करता येतात. बंद केल्याने प्रोग्रॅम पुसला जात नाही, म्हणून चूक झाली तरी सुधारता येते. येथे काम खरोखर कमी होते.

दुसरे, अपुरी रॅम. विंडोज ९५ ला किमान ४ मेगाबाइट रॅम लागे. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट लागते, म्हणजे हजारपटीहून थोडी अधिक. निकलाउस विर्थ या संगणकशास्त्रज्ञांनी १९९५ सालीच तक्रार केली होती, की यंत्रे जितक्या झपाट्याने वेगवान होतात त्याहून झपाट्याने प्रोग्रॅम जड होत जातात. आपला जुना संगणक पुष्कळदा मळलेला नसतो. त्याच्यावरचे ओझे वाढलेले असते. टास्क मॅनेजरमध्ये रॅम सतत ९० टक्क्यांवर दिसत असेल तर ब्राउझरची नको असलेली पाने बंद करावीत आणि शक्य असल्यास रॅम वाढवावी.

तिसरे, हार्ड डिस्क. वरचेच गणित पुढे नेऊ. सुरू होताना प्रणालीला निरनिराळ्या १०,००० जागा वाचाव्या लागल्या असे समजा. हार्ड डिस्कला १३ मिलिसेकंदांच्या हिशोबाने १३० सेकंद, तर एसएसडीला ०.१ मिलिसेकंदाच्या हिशोबाने १ सेकंद. प्रत्यक्षात इतर कामेही असल्याने फरक इतका टोकाचा दिसत नाही, पण जुन्या संगणकात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवण्याइतका जाणवणारा दुसरा बदल आमच्या पाहण्यात नाही.

चौथे, डिस्क काठोकाठ भरणे. सफाईच्या सल्ल्यातला हा भाग योग्य आहे. प्रणालीला तात्पुरत्या कामासाठी जागा लागते, आणि एसएसडीला नवे लिहिण्यासाठी मोकळे कप्पे तयार ठेवावे लागतात. साधारण १० ते १५ टक्के जागा रिकामी असावी. मात्र डिस्क निम्मी रिकामी असताना आणखी दोन गिगाबाइट पुसून वेग वाढत नाही. जे पुसायचे ते स्वतः नाव वाचून पुसावे, आणि त्याआधी आपल्या फाईलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी.

पाचवे, घातक किंवा आगंतुक प्रोग्रॅम. असे असू शकतात. विंडोजमध्ये अंगभूत असलेल्या डिफेंडरने पूर्ण तपासणी करावी. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. मात्र विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, हे ध्यानात ठेवावे. हा प्रश्न वेगाचा नसून सुरक्षिततेचा आहे. ज्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ चालत नाही त्यावर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती बसवण्याचा विचार करता येईल.

आणि सहावी, खरीखुरी धूळ. ज्या सफाईबद्दल जाहिराती बोलत नाहीत ती ही. पंख्याच्या पात्यांवर आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत धूळ, आणि शाळेत तर खडूची भुकटी, दाटून बसते. प्रोसेसर तापतो. तापमान साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचू लागले की स्वतःला वाचवण्यासाठी तो आपला वेग कमी करतो. पंखा मोठ्याने घरघरत असेल आणि काही वेळ चालल्यावर संगणक मंद होत असेल तर ही शक्यता धरावी. संगणक बंद करून, वायर काढून, पंखा फिरू नये म्हणून हलकेच धरून, मऊ ब्रशने किंवा हवेच्या झोताने धूळ काढावी. लॅपटॉप असेल तर हे काम जाणकाराकडे द्यावे.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

वरील यादीवरही वाचकांनी नुसता विश्वास ठेवू नये. मोजून पाहावे. साहित्य एवढेच : एक संगणक, एक स्टॉपवॉच आणि वही.

प्रथम काय मोजायचे ते पक्के करा. ‘रीस्टार्ट’ दाबल्यापासून एक ठरावीक फाईल पूर्ण उघडून तिच्यात अक्षर टाइप होईपर्यंतचा वेळ घ्यावा. येथे ‘शटडाउन’ करून पुन्हा सुरू करू नये. विंडोज ८ पासून प्रणाली बंद होताना आपली काही स्थिती डिस्कवर जपून ठेवते, त्यामुळे ती सुरुवात अगदी कोरी नसते. हा वेळ पाच वेळा मोजा. मग एकच बदल करा आणि पुन्हा पाच वेळा मोजा.

उदाहरणादाखल, समजा आधीचे आकडे ९४, १०१, ९७, १०८ व ९६ सेकंद आले, सरासरी ९९.२. रजिस्ट्री साफ केल्यावर ९८, ९५, १०४, ९९ व ९७ आले, सरासरी ९८.६. सरासरी ०.६ सेकंदाने कमी झाली म्हणून उपाय लागू पडला असे म्हणायचे का? काहीही न बदलता आधीच्या पाच आकड्यांतच १४ सेकंदांचा फरक आहे. त्या चढउतारात ०.६ सेकंद बुडून जातात. चढउतारापेक्षा ठळक फरक दिसल्याखेरीज उपायाला श्रेय देता येत नाही, ही गोष्ट नववी-दहावीच्या मुलांना यातून चांगली कळते.

शाळेच्या संगणककक्षात दोन सारखी यंत्रे असतील तर आणखी पुढे जाता येईल. एकावर सफाई करा, दुसऱ्यावर करू नका. रीस्टार्ट मात्र दोन्ही करा. कोणत्यावर सफाई झाली हे वेळ मोजणाऱ्या मुलांना सांगू नका. दोन्ही रीस्टार्ट करण्याचे कारण महत्त्वाचे आहे. सफाईचे बहुतेक प्रोग्रॅम शेवटी ‘आता संगणक पुन्हा सुरू करा’ असे सांगतात. दिवसेंदिवस चालू असलेला संगणक नुसता पुन्हा सुरू केला तरी अडकून राहिलेली रॅम सुटते आणि तो काही काळ चपळ होतो. श्रेय रीस्टार्टचे आणि बिल सफाईचे, असा हा प्रकार आहे.

बाईंनी हा प्रयोग आपल्या नववीच्या मुलांबरोबर केला. सफाई केलेले व न केलेले यंत्र मुलांना ओळखता आले नाही. मग त्यांनी घरच्या संगणकावर स्टार्टअपची यादी उघडली आणि त्यातले नऊ प्रोग्रॅम बंद केले. त्यांत विकत घेतलेला सफाईचा प्रोग्रॅमही होता. पुढे सुटीत हार्ड डिस्क बदलून एसएसडी घातली. आता चहा टाकायला त्यांना निराळा वेळ काढावा लागतो.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे दिले : संगणक मळला होता म्हणून तुम्ही दोषी नव्हता, कारण तो मळलाच नव्हता. चुकले ते एवढेच, की समोर आकडा आल्यावर तो कशाचा आहे हे विचारायचे राहून गेले. मुलांना आपण हेच विचारायला रोज शिकवतो. त्यांच्या प्रकल्पांचे फोटो काही मुलांनी पुन्हा पाठवले. ज्यांनी मोबाइलमधून पुसून टाकले होते, त्यांचे मात्र मिळाले नाहीत.